रबर अर्ध्यावर

उस्तादांनी अख्खी उमर पाण्याखाली मासे मारण्यात घालवली. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने पोहायला हरकत घेतली नाही, फक्त छातीवर दाब नको म्हणाला. पण भाल्याची बंदूक भरताना दस्ता छातीला टेकवूनच भाला फेकणारं तिचं रबर ओढावं लागतं. म्हणून हलकी बंदूक बघायला ते बायकोला घेऊन दुकानात आले.

दुकानदाराने सर्वांत छोटी काढली. उस्तादांनी भाला बाजूला ठेवला, बंदुकीचं टोक भिंतीकडे केलं, दस्ता मांडीला टेकवला आणि रबर ओढलं. ते अर्ध्यावर येऊन थांबलं.

"याहून मऊ?"

"याहून मऊ घेतलं तर मासा हसेल, उस्ताद."

बायकोने बंदूक घेतली आणि रबर एका दमात खाचेत बसवलं. "घरातल्या बरण्या कोण उघडतं, अहो? होडीत मीच भरून देत जाईन."

उस्तादांचा चेहरा पडला. पाण्यातच भरायची आणि ज्याने भरली त्यानेच चालवायची, हा त्यांचा नियम. होडीत भरलेली बंदूक दिसली म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही किनाऱ्यावर उतरवलं होतं. आणि बायको घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नव्हती.

"कोण बघतंय तिथे?" ती म्हणाली.

"मी बघतोय ना."

तिने रबर दोन्ही हातांनी हळूच सैल केलं. उस्तादांनी बंदूक परत दिली. "राहू दे रे. माशांना सांग, सुटलात."

दुकानदार हसला. बायको मात्र त्यांच्या बोटांवर उमटलेला लाल वळ चोळत त्यांना रस्त्यापर्यंत घेऊन गेली.