कुळथाने ओळखलेलं रक्त

पितांबरआप्पांना लेकीच्या शिक्षणाचं कौतुक होतं, पण तिने अभ्यासाला कुळीथ घेतला हे त्यांना काही पटलं नव्हतं. "आपला वावरमा उगस, ते शिकाले कॉलेज कशाले?" असं ते कोरीट गावच्या पारावर सगळ्यांना विचारत. तरी लोणखेड्याच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं, तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून बायको गजराबाईसोबत सगळ्यांत आधी तेच हजर झाले.

त्यांची लेक काजल आणि तिची नवापूरची मैत्रीण सुषमा टेबलामागे उभ्या होत्या. पुढे पांढऱ्या टाइल्स आणि भिजवून वाटलेल्या कुळथाचं गाळलेलं पाणी.

"यात लेक्टिन नावाचं प्रथिन आहे," काजल सांगत होती. "ते ठरावीक साखर ओळखतं आणि तिला धरून ठेवतं. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात. ए गटाच्या पेशींवरची साखर कुळथाला बरोबर सापडते. मग तो पेशींना एकमेकींशी बांधतो आणि रक्ताच्या गुठळ्या दिसतात. अशी प्रथिनं आपल्या अंगातही असतात. जंतूच्या अंगावरची साखर ओळखून ती त्याला पकडून देतात."

"म्हणजे कुळथाचं पिठलं खाल्लं की रक्त गोठेल?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नाही हो! शिजवलं की हे प्रथिन मोडतं. पिठलं बिनधास्त खा."

सुषमाचा गट ए. तिने बोट टोचलं, थेंब पडला आणि बघता बघता टाइलवर लाल दाणे उठले. टाळ्या वाजल्या. आप्पांना राहवलं नाही. रक्तदानाच्या प्रत्येक शिबिरात ते पुढे असत. खिशातलं कार्ड उंचावून ते म्हणाले, "मन्हं रगत बी ए शे. कर चालू!"

काजलने नवी सुई घेतली. थेंब टाकला, काडीने ढवळला, टाइल हलवली. रक्त जसंच्या तसं, गुळगुळीत. एक दाणा नाही.

मागून कुणीतरी हसलं. काजलचा चेहरा उतरला. आप्पा तिच्यापेक्षा जास्त कासावीस झाले. "मी खोटं बोली ऱ्हायनू का? पोरी, तू पाणी जास्त टाकी दिधं!"

कुळथाच्या अर्कात पाणी तर मुद्दामच घातलं होतं. शांतीलाल सरांनी सांगितलं होतं तितकंच. काजल थबकली. मग तिने बाटलीतला पाणी न घातलेला दाट अर्क घेतला, आप्पांचा दुसरा थेंब त्यात ढवळला. या वेळी गुठळ्या आल्या! दवाखान्यात ए गट ओळखायला वापरतात ते औषध टाकलं. तिथेही आल्या.

"देखा!" आप्पा गरजले.

काजलचे डोळे मात्र वेगळ्याच आनंदाने चमकत होते. "सुषमा, आप्पांचं रक्त ए-टू आहे गं, ए चा पोटगट!" मग ती वडिलांकडे वळली. "आप्पा, तुमना गट ए च शे. पण तुमना पेशीवर ती साखर कमी शे. पातय कुयीथले ती सापडनी नही."

"साखर?" आप्पा दचकले. "म्हणजे मले डायबिटीस?"

"नही हो, उलट कमीच शे!"

गजराबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सरही आले, टाइल निरखून म्हणाले, "छान पकडलंस. असं रक्त थोड्याच लोकांचं असतं. रक्तपेढीतून एकदा पक्कं करून घेऊ. रक्तपेढ्यांत हा फरक ओळखायला कुळथाचंच लेक्टिन वापरतात."

रक्तपेढीनेही तेच सांगितलं. त्या रविवारी आप्पांनी सगळे भाऊबंद अंगणात गोळा केले. जो तो बोट पुढे करून उभा. धाकट्या नवनीतकाकांच्या थेंबात पातळ अर्कानेच झरझर गुठळ्या आल्या, तसे ते हिरमुसले. मोठ्या काकांचं रक्त आप्पांसारखंच निघालं, तर त्यांनी तिथेच मिशीला पीळ दिला. काजलचं स्वतःचं रक्त मात्र आईसारखं, बी गटाचं. कुळथाने त्याला ओळखसुद्धा दिली नाही.

"पोर मन्हावरच गयी," म्हणत गजराबाईंनी सगळ्यांपुढे चहा ठेवला. आप्पांनी कप उचलला आणि ते शेजाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगायला बसले. दोन ठिकाणी चुकले, पण काजलने त्यांना टोकलं नाही.