शँपेनच्या झाडाला फुटलेली फांदी

“खोडू नको, सौदामिनी. जोड!”

आषाढातल्या एका सकाळी बापूसाहेबांनी लेकीला असं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर उलगडून पडलो होतो. मित्रांनो, मी मांजरपाटाच्या जाड कापडाचा एक जुना तक्ता. माझ्या अंगावर एक झाड काढलेलं आहे आणि त्याच्या पानापानावर दूरदेशीच्या एका घराण्यातली नावं आणि जन्म-मृत्यूची सालं आहेत.

बापूसाहेब जळकोटच्या शाळेत इतिहास शिकवायचे. फ्रान्स देशात शँपेन नावाचा मुलूख होता, आठशे वर्षांमागं तिथं माळेगावच्या जत्रेसारख्या मोठमोठ्या जत्रा भरत आणि तिथले सरदार वाटेवरच्या व्यापाऱ्यांना सांभाळत, हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं. मुलांना सांगावं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला रंगवलं.

शाळा झाडणाऱ्या केवळाबाईंनी मला भिंतीवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “सर, दारूच्या नावाचा तक्ता लेकरायला कशाला दावता?”

“केवळाबाई, आधी मुलूख, मागून दारू!” सर हसले.

मला फार मान होता. तालुक्याहून साहेब आले की आधी माझ्यापुढं उभे राहत. पण माझ्यात एक चूक होती. सरांच्या लहानपणी गावात बैलावर बसून हेळवी यायचा आणि घराघराची वंशावळ वाचून दाखवायचा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. लेकीसुनांचं नाव त्यात नसायचंच. सरांच्या डोक्यात वंशावळ म्हणजे तीच. माझ्यावरही त्यांनी नुसते पुरुष लिहिले, आणि शेवटच्या हेन्रीखाली लाल शाईनं लिहिलं, ‘येथे वंश खुंटला.’

एके दिवशी सातवीतली वर्षाराणी उभी राहिली. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत.

“सर, हा थिबो बाराशे एकमधी मेला आन् त्याचं पोरगं त्याच साली जन्मलं. मग पाळण्यातलं लेकरू राज्य करून राहिलं का?”

वर्ग खोखो हसला. सर मात्र हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. ते लेकरू तर बाप गेल्यावर जन्मलं होतं, आणि त्याच्या आईनं, ब्लांशनं, एकवीस वर्षं मुलूख राखून मग तो लेकाच्या हाती दिला होता. हेन्रीचा वंशही खुंटला नव्हता. त्याला झान नावाची लेक होती. सगळा मुलूख तिच्याकडं आला आणि ती पुढं फ्रान्सची राणी झाली.

सरांनाही सौदामिनी एकुलती एक. “सरांचा वंश खुंटला बघा,” असं कुणी बोललं की त्यांच्या जिवाला लागायचं. आणि तेच शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यावर लिहिले होते!

दुसऱ्या दिवशी भर वर्गात ते म्हणाले, “चुकलो रे बाबांनो. वर्षाराणी, तक्ता नीट करून तुझ्याच हातात देईन. शब्द देतो.”

पण त्याच महिन्यात संस्थेनं त्यांची बदली किनवटला केली. मी ट्रंकेत गेलो. संसार, आजारपणं, मग लातूरला लेकीकडं येणं, आणि शेवटी डोळ्यांत उतरलेला अंधार. तीस वर्षांहून अधिक काळ मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो. दिलेला शब्द राहून गेला, ही एकच सल आता त्या म्हाताऱ्या जिवाला उरली होती.

सौदामिनीताईंनी चातुर्मासाचा नेम धरला. देवापाशी दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं आणि मग माझ्यावर एकवीस टाके. हिरव्या चिंध्यांची पानं झाली. थिबोशेजारी ब्लांश आली. हेन्रीखाली नवी फांदी फुटली, तिच्यावर झान आली. सुई टोचायची खरी, पण मित्रांनो, मला फार बरं वाटायचं.

“बाबा, ती लाल ओळ उसवू का? धुऊन टाकू?”

“राहू दे. तिच्याखाली लिही, ‘हे मी चुकून लिहिले. बापूसाहेब.’ लेकरांना कळू दे, मास्तरही चुकतो.”

मुलांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना तक्ता नाहीतर कागद घडी घालून पडला असेल. त्याला ऊन दाखवा. त्यात आईचं, आजीचं नाव नसेल तर विचारून लिहा. जुन्याला जपणं म्हणजे ते नुसतं बांधून ठेवणं नव्हे.

कार्तिकी एकादशी झाली, नेम पुरा झाला. आज सकाळी ताईंनी मला स्वच्छ पंच्यात गुंडाळलं. बापूसाहेबांनी चाचपत नव्या फांदीवरून बोटं फिरवली होती, ती अजून जाणवतात.

“वर्षाराणीला म्हणावं, उशीर झाला.”

“आता तीच तुमच्या त्या शाळेत बाई आहे, बाबा. फार तर अंगठे धरायला लावील!”

म्हातारबुवा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. ताईंनी देवापुढची साखर त्यांच्या तळहातावर ठेवली, मला काखेत घेतलं, दार हलकेच ओढून घेतलं आणि त्या जळकोटच्या गाडीकडं चालू लागल्या.