पस्तीस डिग्रीची खोली

मी छत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात एस्टिमेटं केली. पूल केले, मोऱ्या केल्या, शाळाखोल्या केल्या. एका साहेबांच्या अडीच तासांच्या मुक्कामासाठी संडासाचंही एस्टिमेट केलं. माझ्या एस्टिमेटमध्ये वीट कधी कमी पडली नाही. जास्त उरली तर त्याला वेस्टेज म्हणतात आणि वेस्टेज धरायचं असतं, असा नियमच आहे. अशा माणसाला त्याच्या व्याह्यानं एक डोळा मिटून हरवावं, हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की या गोष्टीत नानाजींबद्दल मी फार बरं बोलणार नाही.

नानाजी म्हणजे आमच्या वैष्णवीचे वडील. वैष्णवी आमची सून. मुलगी गुणाची, पण हट्टी, आणि आमच्या घरात हट्टी माणसांची कमतरता नव्हती. तिला दिवस गेले, डॉक्टरांनी तारीख दिली पंचवीस मे, आणि तिच्या आईनं, लीलाबाईंनी, त्याच दिवशी फोन करून सांगितलं की पहिलं बाळंतपण माहेरीच. दवाखाना असेल तो असेल, पण आधीचा महिना आणि नंतरचा सव्वा महिना पोरगी त्यांच्या गावी, बोरी अरबलाच.

माझी बायको सुनीती म्हणाली, "मे महिन्यात? पत्र्याखाली? बाळ भाजून काढायचंय का त्यांना?"

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. नानाजींच्या घरात वैष्णवीची खोली मागच्या बाजूला, आणि तिच्यावर निव्वळ पत्रे. लग्नाच्या वेळी मी एकदा त्या खोलीत दुपारी कपडे बदलायला गेलो होतो आणि सदरा घालायच्या आधीच भिजला होता.

मग महिनाभर दोन्हीकडून फोन. लीलाबाई फोनवर रडत. "एकच पोरगी हाये मले, इहीणबाई," एवढंच म्हणत. वैष्णवी जेवणाच्या ताटाकडे पाहत बसे. आमचा अनिमेष बायको आणि आई यांच्यामध्ये उभा राहून पंख्याची स्पीड कमीजास्त करी. शेवटी सुनीतीनं तोडगा काढला. एप्रिलच्या मध्यात, दुपारी तीन वाजता, कूलर बंद ठेवून त्या खोलीत थर्मामीटर लावायचं. पस्तीस किंवा खाली भरलं तर वैष्णवी माहेरी जाईल. वर भरलं तर यवतमाळातच राहील. पस्तीसच का, हे तिला कोणी विचारलं नाही. मोबाइलवर कुठेतरी वाचलं असावं.

खोली थंड करायची तर पत्र्याखाली थर्माकोलचे तक्ते लावायचे, हे सगळ्यांना पटलं. किती लागतील ते काढायला अर्थात मी गेलो. फेब्रुवारीचा दुसरा रविवार होता. मी टेप, फूटपट्टी, वही, दोन पेन्सिली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बोरीवरून जाणाऱ्या दारव्हा एस.टी.त बसलो.

खोलीचं दार उघडलं आणि आत कापूस. खिडकीच्या गजापर्यंत कापूस.

"भाव पाहून राह्यलो," नानाजी म्हणाले. "पोरगी घरी याच्या आत खाली करून देतो, इवाईबुवा. तुम्ही कायले घाबरता?"

मी घाबरत नव्हतो. मला खोली मोजायची होती आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग मी बाहेरून मोजायला घेतलं. वैष्णवीचा भाऊ कपिल टेपचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यातून घराला प्रदक्षिणा घालू लागला. नानाजी अंगणात खाटेवर सुपारी कातरत बसले होते.

आता नानाजींचं एक प्रस्थ आहे ते सांगायला हवं. उभ्या पिकाच्या बांधावर जाऊन हा माणूस सांगतो, इथून एवढा कापूस निघेल, आणि तेवढाच निघतो म्हणे. आसपासच्या गावांतून लोक त्यांना गाडीवर बसवून शेत दाखवायला नेतात. ते डावा डोळा मिटतात, मान जरा वाकडी करतात आणि आकडा सांगतात. त्याला नजरेचा अंदाज म्हणतात. आमच्या खात्यात त्याला निलंबन म्हणतात.

नानाजींनी खाटेवरूनच पत्र्याकडे पाहिलं. डावा डोळा मिटला.

"चाळीस लागन जी," ते म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली.

मी बाहेरची मापं घेतली, भिंतीची जाडी वजा केली, पत्र्याचा उतार काढला, तिरकस बाजूसाठी वर्गमूळ काढलं, एका तक्त्याच्या क्षेत्रफळानं भागलं. ऊन डोक्यावर आलं. दोन पानं भरली. उत्तर आलं एकोणचाळीस पूर्णांक चार.

मी पुन्हा केलं. पुन्हा एकोणचाळीस पूर्णांक चार.

"किती आले?" नानाजींनी विचारलं.

"अजून वेस्टेज धरायचंय," मी म्हणालो. दहा टक्के वेस्टेज धरलं, पाच टक्के तुटफूट धरली, तीन टक्के अनपेक्षित बाबी धरल्या. अनपेक्षित बाब म्हणजे नेमकं काय, हे कोणत्याच नियमात लिहिलेलं नाही, पण त्या दिवशी मला ती खाटेवर बसलेली दिसत होती. "सत्तेचाळीस," मी म्हणालो.

"चाळीस."

"नानाजी, हे शास्त्र आहे."

"असन. पण सात उरतीन."

तेवढ्यात लीलाबाई चहा घेऊन आल्या. कपबशा खाटेवर ठेवत त्यांनी विचारलं, "आन् जाड किती आनाचे?"

आम्ही दोघांनी माना वर केल्या.

"नाई, मी म्हनतो," लीलाबाई म्हणाल्या, "वाकळ कराची तं आधी थर किती, ते पाह्यतो आपन. लांबीरुंदी मंग. पातळ झाली तं आख्खी अंगावर घेऊन बी थंडी वाजते."

"इथी वाकळ शिवाची हाये का?" नानाजी म्हणाले. "तू जाय, आलं टाकून अजून चहा आन."

मी हसलो. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण नंतर या हसण्याची मला फार लाज वाटली. लीलाबाई आत गेल्या आणि आम्ही चाळीस की सत्तेचाळीस यावर तासभर भांडलो. शेवटी मी माझ्या सुवाच्य अक्षरात यादी करून कपिलच्या हातात दिली, त्यावर सत्तेचाळीस लिहून खाली सहीसुद्धा केली. सही करायची सवय जात नाही.

एप्रिलच्या सतरा तारखेला मी थर्मामीटर घेऊन पुन्हा बोरीला गेलो. कापूस विकला गेला होता. खोली सारवून लख्ख केलेली, एक खाट टाकलेली, तिच्यावर नवी चादर. वर पांढरेशुभ्र तक्ते एकाला एक लागून बसवलेले, कुठे फट नाही. आणि ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेले उरलेले तक्ते. त्यांच्या शेजारी नानाजी फोटोला उभं राहावं तसे उभे होते.

"मोजा," ते म्हणाले.

मी मोजले नाहीत. लांबूनच सात दिसत होते. एवढा संताप मला बदलीच्या ऑर्डरचाही आला नव्हता.

पावणेतीनला मी थर्मामीटर खाटेच्या उंचीवर टांगलं आणि दार लावून घेतलं. बाहेर ऊन असं की अंगणातली कोंबडीसुद्धा सावलीपासून हलेना. आम्ही चौघं ओसरीत बसलो. लीलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

तीन वाजता आत गेलो. साडेअडतीस.

"बिगडला असन तो," नानाजी म्हणाले. त्यांनी थर्मामीटरला टिचकी मारली, हलवलं, कानाला लावलं. मग ते घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पाच मिनिटांनी विजयी चेहऱ्यानं बाहेर आले. "हे पाहा! एकोनतीस!"

"कुठे ठेवलं होतं?"

"माठाखाली."

"मग वैष्णवीला माठाखाली झोपवायचंय का?" मी ओरडलो.

कपिल खाटेवर चढून वरचा तक्ता बोटांनी दाबून पाहत होता. "मामाजी," तो हळूच म्हणाला, "मले वाटते हे पातळ हायेत. दुकानदारानं इचारलं होतं, कोन्ते पाह्यजे. यादीत काई लिहेल नव्हतं. मी म्हनलो, साधे द्या. त्यानं अर्ध्या इंचाचे देल्ले."

यादी त्याच्या खिशातच होती. मी उघडून पाहिली. लांबी होती, रुंदी होती, उतार होता, वेस्टेज होतं, खाली माझी सही होती. जाडी नव्हती. छत्तीस वर्षं एस्टिमेट केलेला माणूस आणि एका डोळ्यानं शेत मोजणारा माणूस, दोघं मिळून किती तक्ते यावर भांडलो आणि कसले तक्ते हे कोणी लिहिलंच नाही. ज्या बाईनं विचारलं, तिला आम्ही आलं टाकायला पाठवलं.

लीलाबाई "मी म्हनत होतो" असं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उंबरठ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "मंग येत नाई ना थे?"

त्या बाईचा मला इतका राग येई फोनवर रडायची म्हणून, आणि आता ती रडत नव्हती तर बघवत नव्हतं.

"पस्तीस म्हनून सांगून टाका, इवाईबुवा," नानाजी माझ्या कानाशी आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "कोन पाह्यते?"

खोटी मोजमापं लिहायला नकार दिला म्हणून माझी एकदा थेट मुकुटबनला बदली झाली होती आणि मी ती ताठ मानेनं घेतली होती. ते सगळं मला त्या क्षणी आठवलं. मग मी लीलाबाईंकडे पाहिलं आणि फोन लावला.

वैष्णवीनं उचलला. मी घसा साफ करून म्हणालो, "पस्तीस."

पलीकडे ती हसली. "बाबा, मी त्या खोलीत बावीस वर्षं झोपले आहे. खरं सांगा."

"साडेअडतीस," मी म्हणालो.

"इथे साडेचाळीस आहे."

"कुठे इथे?"

"आपल्या घरी. मी तुमच्यासारखंच थर्मामीटर मागवलं परवा. सकाळपासून लाइट नाही. आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसल्यात, मला म्हणतात कोणाला सांगू नकोस."

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. संध्याकाळी सातनंतरही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तिचं कधी मोजमाप घ्यावं असं डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या घराचं एस्टिमेट कोण करतं? आम्ही दोघं नवराबायको चाळीसच्या वर बसून दुसऱ्याच्या खोलीला पस्तीसची अट घालत होतो.

फोन सुनीतीनं घेतला. "पस्तीस ठरलं होतं," ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. टॉवेलचं पाणी तोंडावर येत असावं.

मी काही बोलायच्या आत लीलाबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"इहीणबाई, आयका. पस्तीस करून देतो. अजून एक थर लावतो खालून, म्हंजे जाडी डब्बल. तेहतीस तक्ते आनाचे, सात घरी हायेत. वरून पत्र्यावर तुऱ्हाट्या टाकतो, हातभर जाड, तुरीच्या काड्या वावरात पडूनच हायेत. मे लागाच्या आत पस्तीस नाई झाले तं मी सोता पोरीले तुमच्याकडं आनून सोडीन."

तेहतीस. मी कॅल्क्युलेटर शोधत होतो. नानाजींचा डावा डोळा मिटायला लागला होता, तो त्यांनी पुन्हा उघडला.

पलीकडून सुनीतीनं विचारलं, आणि तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता, "त्या खोलीत वैष्णवीच्या खाटेशेजारी अजून एक खाट मावेल का हो?"

मी टेप काढला. नानाजी दारात उभे राहिले आणि मान वाकडी केली. लीलाबाईंनी आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तीन मावतात," त्या फोनवर म्हणाल्या. "एक पोरीची, एक तुमची, एक माई. मधात पाळना. मी मोजून ठेवलं हाये."

"कधी मोजलं तू?" नानाजींनी विचारलं. "आत तं एप्रिलपर्यंत कापूस होता."

"कापूस भराच्या आधी," लीलाबाई म्हणाल्या. "पोरगी लगन होऊन गेली ना, त्या दिवशी."