ग्रीत्ये कुणाची कोण

पुरुषोत्तम रास्ते यांनी उभा जन्म पूल बांधण्यात घालवला आणि त्यांतला एकही पडला नाही. त्यामुळे आपलं कुठलंच म्हणणं पडत नाही, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. न्यू जर्सीतल्या हिल्सबरोमधली मराठी मंडळी त्यांना तोंडावर पुरुषोत्तमकाका म्हणत, आणि पाठीमागे ‘काकांना काही विचारू नका, ते सांगत बसतील’ असंही म्हणत. रिटायर झाल्यावर त्यांनी आधी स्वतःच्या कुळाचा शोध घेतला. तो काही पिढ्यांवर जाऊन अडला, कारण पुढचे कागद भारतातल्या कुठल्याशा कचेरीत होते आणि तिथे फोन कुणी उचलत नव्हतं. मग काकांनी हाताशी होती ती कुळं धरली. तीनशे वर्षांपूर्वी या भागात आलेल्या डच शेतकऱ्यांचे वंशज अजून इथे राहत होते, त्यांच्या जमिनींची खतं कौंटीच्या दप्तरात होती, आणि ती वाचायला काकांइतका वेळ दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

शेजारची लोइस त्यांच्यातलीच. शहाऐंशी वर्षांची, काठीसारखी सरळ, आणि सगळ्या कॉलनीला नावानिशी ओळखणारी. काकांचं घर ज्या कॉलनीत आहे ती सगळी जमीन एकेकाळी लोइसच्या वडिलांचं शेत होती. शेत विकलं गेलं, घरं उभी राहिली, लोइस मात्र जुन्या फार्महाउसमध्येच राहिली. काकांची बायको प्रतिमा आणि ती, दोघींचं छान जमायचं. इकडून बेसनाचे लाडू जायचे, तिकडून लेमन केक यायचा.

कॉलनीच्या टोकाला, मुलांच्या घसरगुंडीपलीकडे, ओढ्याच्या काठी लोखंडी कुंपणातली एक छोटीशी दफनभूमी आहे. तिथे मोजके तपकिरी दगड कलंडून उभे आहेत. त्यांतल्या एकावरचीच अक्षरं अजून लागतात: ग्रीत्ये हेंड्रिक्स, १७४६. लोइसची आई दर ईस्टरला दारातली डॅफोडिलची पिवळी फुलं कापून त्या दगडापाशी ठेवायची आणि म्हणायची, ‘ही आपली.’ आपली म्हणजे कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. आईमागून लोइसनं तो नेम चालवला. आता पुढे नातीला सांगायची वेळ आली होती, आणि नातीला कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय पटत नसे. तेव्हा एका संध्याकाळी चहा घेताना लोइसनं काकांना विचारलं, की ती बाई खरंच आमची आहे का, हे तुम्ही शोधून द्याल का?

काकांना आणखी काय हवं होतं? हिवाळाभर ते कौंटीच्या दप्तरात जाऊन बसले. जुन्या खतांत जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असत: पूर्वेस ओढा, उत्तरेस अमक्याचं शेत, अमुक ओकच्या झाडापासून तमुक दगडापर्यंत. पूल बांधणाऱ्या माणसाला यात गंमत वाटणारच. त्यांनी ते तुकडे कागदावर आखले, एकमेकांना जोडले, आणि तीनशे वर्षांपूर्वीचं गाव जेवणाच्या टेबलावर पसरलं. प्रतिमाकाकूंना ताट ठेवायला जागा उरली नाही.

त्या गावात ओढ्याच्या उत्तरेला कॉर्नेलिस नावाचा शेतकरी होता. तो लोइसचा मूळपुरुष, याबद्दल वाद नव्हता. बापाकडून मुलाकडे जमीन जात जात थेट लोइसच्या वडिलांपर्यंत आली होती. दक्षिणेला हेंड्रिकची जमीन होती, आणि दफनभूमी त्याच्या हद्दीत येत होती. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संपला प्रश्न. दगडावर बाईचं नाव, आणि त्यापुढे पुरुषाचं. हेंड्रिक्स म्हणजे हेंड्रिकची. घरात प्रतिमाचा पासपोर्ट होता, त्यावर ‘प्रतिमा पुरुषोत्तम’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं, यात विचार कसला करायचा? ग्रीत्ये ही शेजारच्या हेंड्रिकची बायको. नवऱ्याच्या जमिनीत तिला पुरलं. लोइसच्या घराण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.

एकच खत जरा अडत होतं. हेंड्रिकनं ओढ्याकाठचं आपलं चांगलं कुरण ‘प्रेम आणि जिव्हाळ्याखातर’ कॉर्नेलिसला फुकट देऊन टाकलं होतं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, शेजाऱ्याला कुणी कुरण देतं का? हे आपल्याकडच्या आंदणासारखं वाटतंय. काका म्हणाले, पूर्वीची माणसं मोठ्या मनाची होती. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघायच्या राहिल्या होत्या, पण त्या डच भाषेत, किरट्या अक्षरात होत्या. गोष्ट सिद्ध झाल्यावर उगाच डोळे कशाला फोडायचे, म्हणून काकांनी त्या बघितल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी लोइसला रंगीत नकाशासकट फाइल नेऊन दिली. तिनं ती शेवटच्या पानापर्यंत नीट बघितली, आभार मानले, केक कापला. मग हसून म्हणाली, की म्हणजे आम्ही इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी आजीला फुलं देत होतो. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत.

मार्च संपता संपता ईस्टर आला आणि गेला. लोइसच्या दारात डॅफोडिल्स भरभरून फुलली होती, पण एकही कापलेलं नव्हतं. काका रोज सकाळी तिथूनच फिरायला जात. पहिल्या दिवशी त्यांनी फुलं पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली, आणि तिसऱ्या दिवसापासून फिरायला उलट्या बाजूनं जाऊ लागले. काकूंना कारण विचारायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच म्हटलं, की म्हातारीकडे आईनं दिलेली एक गोष्ट होती, ती तुम्ही फाइल देऊन काढून घेतलीत. काका चिडले. खरं ते सांगितलं, यात माझं काय चुकलं, असं त्यांनी विचारलं. पण नेहमी विचारत तसं ठणकावून नाही. त्यांना लोइस आवडत असे. तिचं ते हसणं त्यांना फिरतानाही ऐकू येत होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. लग्नाला चाळीस वर्षं उलटलेल्या जोडप्यांचा या वर्षी सत्कार होणार होता. काका-काकूंचा फॉर्म बेलव्ह्यूला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं, अंतरानं, तिथूनच ऑनलाइन भरला होता. लग्नानंतरही तिनं आपलं नाव बदललं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्याचं नाव म्हणून तिनं आपलं पूर्ण नाव घातलं होतं आणि आईचं नाव घालायची जागा तिच्या नजरेतून सुटली होती. सूत्रसंचालन करत होती देवयानी, गेल्या वर्षीच पुण्याहून पीएचडीला आलेली गुणी मुलगी. तिनं हातातला कागद पाहिला, समोर पाहून गोड हसली, आणि माइकवर म्हणाली,

“आता मी स्टेजवर इन्व्हाइट करते, श्री. पुरुषोत्तम रास्ते आणि त्यांच्या सुविद्य पत्नी, सौ. अंतरा पुरुषोत्तम रास्ते.”

अंतराला लहानपणापासून ओळखणारा अख्खा हॉल जो हसत सुटला तो थांबेना. देवयानीला काय झालं ते कळेना. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, तेव्हा ती लालबुंद झाली. “सॉरी काकू, मिडल नेम पुरुषोत्तम दिसलं, म्हणून मी अझ्यूम केलं,” ती पुटपुटली. काकू तोवर पदर सावरून स्टेजवर पोचल्यासुद्धा होत्या. “असू दे गं,” त्या म्हणाल्या, “लेकीच्या ऐवजी आज मी आले.”

काकांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटोवाल्यानं स्माइल म्हटलं. पण काकांचा चेहरा असा झाला होता, की काकूंना वाटलं बीपी वाढलं. बाईच्या नावापुढे पुरुषाचं नाव. ते बापाचंही असतं. आपल्या घरात, आपल्याच पोरीचं तसं आहे, आणि आपण ते एकदासुद्धा ध्यानात घेतलं नाही. देवयानीनं जे एका मिनिटासाठी केलं, ते आपण फाइलमध्ये घालून, रंगीत नकाशा जोडून केलं होतं. श्रीखंड-पुरीसाठीही न थांबता काका घरी निघाले, आणि हे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

सोमवारी लायब्ररी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या विभागातल्या बाईंना त्यांनी विचारलं, की या डच बायका लग्नानंतर कुणाचं नाव लावत? बापाचंच, बाई म्हणाल्या, मरेपर्यंत. आणि त्यांनी जराही कुत्सितपणा न करता पुढे सांगितलं, की हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मग त्यांनी बाप्तिस्म्याच्या नोंदींची चित्रं पडद्यावर उघडून दिली. किरट्या अक्षरांशी काकांनी दुपारपर्यंत झटापट केली. जेवायच्या सुमाराला त्यांना हवी ती ओळ सापडली. बाप कॉर्नेलिस. आई ग्रीत्ये हेंड्रिक्स. मुलाचं नाव हेंड्रिक. आणि साक्षीला उभा राहिलेला म्हातारा, तोही हेंड्रिक.

नातवाला आजोबांचं नाव दिलं होतं. हाच पोरगा पुढे उत्तरेकडच्या शेताचा मालक झाला, आणि त्याच्यापासून ओघ लोइसपर्यंत येत होता. कुरणही मोठ्या मनानं दिलेलं नव्हतं, ते लेकीचं आंदण होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण चुकलो याचं दुःख त्यात थोडं होतं, पण त्याहून कितीतरी जास्त आनंद होता. लोइसची आजी सापडली होती.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, आणि लोइसला सविस्तर ईमेल लिहितो म्हणाले. काकू म्हणाल्या, फाइल द्यायला चालत गेला होतात ना, मग आताही चालतच जा. त्या आत गेल्या आणि पिशवीत काहीतरी भरून बरोबर निघाल्या.

लोइसनं दार उघडलं. वाटेत काकांनी चांगली प्रस्तावना जुळवली होती, ती ते साफ विसरले.

“लोइस, मी चुकलो,” ते म्हणाले. “ती हेंड्रिकची बायको नव्हती. मुलगी होती. लग्न होऊन ती तुमच्या घरात आली. ती तुमचीच आहे.”

लोइस दाराला धरून उभी राहिली. काकांनी नोंदीची प्रत पुढे केली, पण तिनं ती लगेच घेतली नाही. आई म्हणायचीच, असं काहीसं ती हळूच म्हणाली आणि आत गेली. आली ती कात्री घेऊन. फुलं आता उतरणीला लागली होती, त्यातल्या त्यात बरी तिनं एकेक करून निवडली, आणि तिघं ओढ्याकडे निघाले. घसरगुंडीवरची पोरं बघत राहिली.

लोइसनं फुलं दगडापाशी ठेवली. मग काकूंनी पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढला, कोरा खण काढला, तांदूळ काढले, आणि सत्काराचा नारळ काढला.

काका हबकले. “अगं, हे काय? ओटी जिवंत बाईची भरतात. तीही सवाष्णीची. शास्त्रात असं कुठेही…”

“तुम्ही तिचं लग्न तिच्या बापाशी लावलंत,” काकू शांतपणे म्हणाल्या, “तेव्हा कुठं होतं तुमचं शास्त्र?”

काकूंनी दगडाला हळदकुंकू लावलं आणि खण, तांदूळ, नारळ गवतावर नीट मांडले. हे काय चाललंय, असं लोइसनं विचारलं. काकूंनी इंग्रजीत सांगितलं, की ही जमीन तिच्या वडिलांची. म्हणजे शेवटी ती माहेरी आली. आमच्याकडे लेक माहेरी आली, की तिला रिकाम्या हातानं ठेवत नाहीत.

लोइसनं मान हलवली. तिचा हात काकूंच्या हाताकडे गेला, आणि त्याच्या आधारानं ती हळूहळू वाकली. दुसरा तळवा तिनं दगडावर टेकवला.

“सॉरी, ग्रँडमा,” ती म्हणाली. “या वर्षी जरा उशीर झाला.”

तो उशीर ज्यांच्यामुळे झाला होता, ते पुरुषोत्तमकाका खाली बसले आणि नारळ उतारावरून घरंगळू नये म्हणून त्याला एक खडा लावू लागले.