चौथा बोल्ट

गॅरेजवाल्याने हात टेकले, तरी जीपचा चौथा बोल्ट तसूभरही हलला नव्हता. स्टिअरिंगचा डबा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, धरून ठेवणारे चार बोल्ट. डबा गळत होता, म्हणून तो उतरवायचा होता. तीन मुकाट निघाले. चौथा गंजून असा बसला होता, की पान्याला पाइप अडकवून जोर करता करता त्याच्या डोक्याचे सगळे कोपरे झिजले, पण तो काही ऐकेना.

"डॉक्टर, याचा नट चासीच्या आत आहे, बंद पेटीत. बोल्ट मध्येच तुटला तर चासी कापावी लागणार," गॅरेजवाला म्हणाला. "महिनाभर गाडीचं नाव काढू नका."

ती जनावरांची डॉक्टर. सोमवारपासून डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर गुरांना लस टोचायची होती, आणि त्या दगडधोंड्यांच्या चढावर या जीपखेरीज काही टिकत नसे. नवरा कामानिमित्त परगावी. रात्री जेवताना तिने सगळी हकिकत सासूबाईंपुढे मांडली. सासरे खाली मान घालून जेवत होते. पस्तीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या ठोकाठोकीत दोन्ही कान गेले. लग्नाला चार वर्षं झाली तरी सुनेचं आणि त्यांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'औषध घेतलं का' यापुढे सरकलं नव्हतं.

"नोकरीत असताना माझं ऐकत नव्हते, आता ऐकू येत नाही. मला फरक कळलेला नाही," असं म्हणून सासूबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि घर दणाणेल अशा आवाजात बोल्टची गोष्ट सांगितली.

सासऱ्यांनी घास संपवला. "कापायची नाही," ते म्हणाले. "सकाळी जाऊ."

सकाळी कापडी पिशवी घेऊन ते जीपखाली शिरले आणि अर्धा तास नुसते बघत पडले. गॅरेजवाल्याने तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तिलाही अवघडल्यासारखं झालं. मग म्हातारबुवांनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गळालेलं तेल चिंधीने कोरडं पुसून काढलं आणि शेजारून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. पिशवीतून एक जाडजूड नट काढून तो बोल्टच्या गुळगुळीत डोक्यावर ठेवला आणि गॅरेजवाल्याला म्हणाले, "याच्या पोटात वेल्डिंग भर. दोन्ही एकजीव झाले पाहिजेत."

पान्याला पकड मिळाली. पण पान्याला ते शिवलेच नाहीत. हातोडीने डोक्यावर हलके ठोके देत राहिले आणि डाव्या हाताचा तळवा चासीला चिकटवून ठेवला. टक, टक, टक. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिला वाटलं, यांना आवाज तरी कुठे येतोय? मग त्यांचे मिटलेले डोळे दिसले आणि उमगलं. ते हाताने ऐकत होते. गाभण गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासराचा पाय चाचपताना तीही असेच डोळे मिटून घ्यायची.

"आता सैल वाजतंय," ते स्वतःशीच पुटपुटले.

मग गॅसची ज्योत. बोल्टला नव्हे, त्याच्या भोवतीच्या चासीला. पत्रा तापून निळसर झाल्यावर त्यांनी सांध्याच्या फटीला मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि तहानलेल्याने पाणी प्यावं तसं आत ओढलं गेलं. आता कुठे त्यांनी पाना लावला आणि फिरवला, तो आवळायच्या दिशेने.

गॅरेजवाला पुढे झाला. "आजोबा, उलटा फिरवताय."

त्यांना ऐकू गेलं नाही. तिने खांद्याला हात लावून खुणेने सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आधी केसभर आत जाऊ द्यायचा. नुसता बाहेर ओढला की तुटतो."

तिला हसू आलं. वासरू आडवं अडकलं की तीही धन्याला हेच सांगायची: ओढू नका, आधी आत ढकलू द्या. तिने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने ते सांगितलं. म्हातारबुवांनी मान वळवून चार वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मग तुला काय सांगायचं?" ते म्हणाले. "ये, धर पाना."

ती शेजारी मातीत आडवी झाली. केसभर आत, केसभर बाहेर. पुन्हा मेण, पुन्हा ज्योत. हिसका द्यायचा मोह झाला की त्यांचा हात तिच्या मनगटावर यायचा. उन्हं डोक्यावर आली आणि पान्यातून एक बारीक करकर तिच्या बोटांत उतरली. त्यांनी तळव्याने ती टिपलीच होती, तिच्याआधी तेच म्हणाले, "सुटला." तरीही एकेक आटा मागेपुढे करत बोल्ट बाहेर यायला आणखी तास गेला. चासीवर ओरखडासुद्धा नव्हता.

गॅरेजवाल्याने बोल्ट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "आजोबा, अधूनमधून येत जा," तो म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने दोन्ही हात जोडले. ते कळलं.

रविवारी दुरुस्त झालेला डबा जागेवर बसला. नवे बोल्ट लावायची वेळ आली, तेव्हा सासऱ्यांनी प्रत्येकाच्या आट्यांना बोटाने ग्रीस चोळलं, आटा न् आटा भरेपर्यंत. गॅरेजवाला म्हणाला, आता दहा वर्षं कुणी हे उघडणार नाही. तिने ते त्यांच्या कानात सांगितलं.

"उघडेल ना कधीतरी कुणीतरी," ते बोट पुसत म्हणाले. "त्याने आपल्याला शिव्या का द्याव्यात?"