न झालेलं ऑपरेशन

घाटकोपरच्या त्या खासगी हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीत श्रुतिका बसायची. तिने भाऊरावांचं आधार आणि रेशनकार्ड बघून नंबर टाकला आणि त्यांच्या बायकोला, द्रौपदीबाईंना विचारलं, "मावशी, काकांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन कुठे केलं होतं?"

"कसलं ऑपरेशन? तापालासुद्धा कधी अॅडमिट नव्हते."

"गेल्या वर्षी, मार्चमध्ये. याच योजनेतून झालंय."

द्रौपदीबाईंना गोवंडीतल्या त्यांच्या चाळीपुढचं शिबिर आठवलं. फुकट चष्मे वाटले होते. कार्डांचे फोटो काढले, अंगठे घेतले.

श्रुतिकाने आवाज खाली आणला. "आत्ता कुणाला बोलू नका. आधी काकांच्या हृदयातल्या स्टेंटची मंजुरी येऊ दे." मंजुरीचा अर्ज आणि अंगठ्याचं मशीन उचलून ती वॉर्डकडे निघाली.

ही कशाला गप्प बसवतेय? हीपण त्या शिबिरवाल्यांतलीच तर नाही? द्रौपदीबाई मागोमाग गेल्या आणि खाटेवरच्या भाऊरावांचा सदरा वर केला. "बघ. आहे कुठे टाका?"

श्रुतिकाने सदरा खाली ओढला. मग म्हणाली, "मावशी, चौकशीत फाइल अडकली तर काकांचं काय? म्हणून बोलले. तक्रार करा, पण स्टेंट बसल्यावर."

"कागद वाचून दाखव. सगळा."

श्रुतिकाने ओळ न् ओळ वाचली. कोऱ्या जागांवर द्रौपदीबाईंनी तिला रेघा मारायला लावल्या, तेव्हाच भाऊरावांना अंगठा लावू दिला. संध्याकाळी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला.

घरी आल्यावर द्रौपदीबाईंनी योजनेच्या फलकावरून उतरवून घेतलेल्या नंबरवर स्वतः फोन लावला. तीन आठवड्यांनी चौकशीला एक डॉक्टर आणि एक साहेब आले. डॉक्टरांनी भाऊरावांच्या पोटाचे फोटो घेतले. चाळीतल्या आणखी चौघांच्या नावावर अशीच ऑपरेशनं निघाली. ज्या हॉस्पिटलात ती दाखवली होती, त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. त्याची योजना थांबवलीय, पुढचं बघू, असं साहेब म्हणाले. जबाबाचा कागद त्यांनी पुढे केला.

"आधी मला याची झेरॉक्स हवी."

"आणून देतो. तुम्ही सही करा."

"आधी झेरॉक्स."

"बाई, आमच्यावरही विश्वास नाही?"

"नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवून साहेबांबरोबर झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाल्या. कागद त्यांनी स्वतःच्याच हातात धरला होता.