थोरल्याची अकरावी
१९७५ च्या मार्चात कापडे गावच्या येसूबाईचे दोन्ही मुलगे मॅट्रिकला बसले. थोरला मुरारी जुन्या अकरावीचा, धाकटा भागोजी नव्या दहावीचा. सरकारने शाळेचं एक वर्ष कमी केलं होतं, त्यामुळे दोन्ही वर्गांची परीक्षा एकदमच आली. दोघं एकाच वाटेने पोलादपूरच्या शाळेत चालत जात, पण पुस्तकं निराळी. मुरारीला गणित अडलं की भागोजी वहीत डोकावून म्हणे, "हे आमाला नाय."

त्यांचा बाप चांगू मुंबईत रंगाच्या कारखान्यात हमाल होता. थोरला मॅट्रिक झाला की स्टोअरमध्ये घेतो, असा साहेबाने शब्द दिला होता. वय मात्र अठरा पुरं पाहिजे.

जूनमध्ये निकाल लागला. भागोजी पास. मुरारी गणितात नि इंग्रजीत गेला.

पोरांनी काहीतरी उलटं ऐकलं असेल, असं वाटून येसूबाई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

"गुरुजी, अकरा वर्सं शिकला तो नापास, नि धा शिकला तो मॅट्रिक?"

"दोघांच्या परीक्षा वेगळ्या, बाई," हेडमास्तर म्हणाले.

"पन मॅट्रिक एकच ना?"

"सरकारच्या लेखी एकच."

"मग थोरल्याला परत अकरावीत बसवा."

"ती अकरावी बंद झाली. त्याने घरी अभ्यास करून ऑक्टोबरात बसायचं."

"नि धाकटा?"

"त्याला महाडला घाला. अकरावीत."

"आत्ता तर बंद झाली बोललात."

"ती शाळेतली. ही कॉलेजातली." हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मलाही दर महिन्याला नवं परिपत्रक येतं, बाई. गेल्या महिन्यात पालकांना सांगितलेलं या महिन्यात फिरवावं लागलं."

घरी मुरारी गोठ्यात बसला होता. ओरडावं तर कुणावर, हे येसूबाईला कळेना. कारखान्यात भागोजीला पाठवावं, तर तो सोळाचा. एकाकडे वय होतं, दुसऱ्याकडे दाखला.

"आये, मी ढ हाय काय गो?" मुरारीने विचारलं.

"वाडीतले आनखी कोन बसलेले?"

"आमी तिघं. तिघंबी गेलो. बाजारपेठेतली पोरं पास झाली. त्यांना शिकवणी व्हती."

ऑक्टोबरात मुरारी इंग्रजीत सुटला, गणित राहिलं. दिवाळीला आलेला चांगू त्याला मुंबईला घेऊन गेला. हमालीला दाखला लागत नव्हता. "मार्चला परीक्षेला येतो," मुरारी एस. टी. त चढताना म्हणाला. मार्चला रजा मिळाली नाही.

मे महिन्यात त्याचं पत्र आलं. महाडच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आलेल्या भागोजीने ते वाचून दाखवलं. स्टोअरमध्ये जागा निघाली होती. फॉर्मवर शिक्षण लिहायचं होतं. कारकून म्हणाला, आता मॅट्रिक म्हणजे दहावी, नि दहावी तर तू पास आहेस, तसंच लिही. 'मी दहावी पास झालो होतो हे खरं. पण ती जुनी दहावी, शाळेची. चालेल का, ते गुरुजींना विचार.'

येसूबाई पत्र घेऊन पोलादपूरला गेली. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं.

"खोटं नाही," ते म्हणाले. मग पत्राची घडी घातली. "पण बोर्डाची नव्हे. त्यांनी दाखला मागितला तर काय दाखवणार?"

"म्हंजी लिवू नको म्हनू?"

"मी कसं सांगू, बाई?"

परतीच्या वाटेवर ती 'खोटं नाही' नि 'काय दाखवणार' ही दोन वाक्यं जुळवत चालली. जुळेनात. घरी आल्यावर भागोजी पोस्टकार्ड घेऊन बसला.

"काय लिवू, आये?"

"लिव. गुरुजी बोलले, खोटं नाय."

"आनि?"

"येवढंच लिव."

जूनमध्ये मुरारीला स्टोअरमध्ये घेतलं. येसूबाईने ग्रामदेवतेला नारळ फोडला, शेजारच्या ठकूबाईला गूळखोबरं दिलं. पण पोस्टमन वाडीकडे वळलेला दिसला की दाखला मागितल्याचं पत्र असेल म्हणून ती हातातलं काम टाकून उठायची, नि तो पुढच्या घरी गेला की मग ती खाली बसायची.